बायकांच्या वॉर्डातली मशेरी

आमच्या नर्सिंग होममध्ये त्या पंधरवड्यात साबण इतका उडाला, की मागच्या ओढ्याला फेस आला आणि खाली गडब गावापर्यंतच्या म्हशी न घासता गोऱ्या निघाल्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा. त्यातल्या एकीने पुढे चिखलात बसायचंच सोडून दिलं, असं तिचा मालक मला तोंडावर सांगून गेला.

मी तिथे सिस्टर इनचार्ज होते. पेणहून नागोठण्याकडे निघालं की हायवेपासून जरा आत, भातखाचरांना लागून आमची बैठी इमारत. बाळंतपणं आणि अपेंडिक्स करणारं नर्सिंग होम नव्हे. आमच्याकडे सगळी म्हातारी माणसं. कोणाचा खुबा मोडलेला, कोणाचं अर्धं अंग गेलेलं, कोणाला घरी उठवायला-बसवायला माणूस नाही. डाव्या हाताला पुरुषांचा वॉर्ड, उजव्या हाताला बायकांचा, मधे स्वयंपाकघर आणि वर दोघांत मिळून एकच पाण्याची टाकी.

बायकांच्या वॉर्डावर राज्य होतं मिठागरवाल्या आजींचं. खाडीकाठच्या गावातल्या. सगळा जन्म मिठागरात गेलेला, त्यामुळे कातडी अशी खारलेली की इंजेक्शन द्यायला गेलं तर सुई आधी परवानगी मागायची. एकदा तर वाकलीच. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, नातू धाटावच्या कंपनीत शिफ्टला, नातसून बाळंतपणाला माहेरी रोह्याला. मग आजींना सांभाळणार कोण, म्हणून त्या आमच्याकडे. वॉकर घेऊन चालायच्या, पण चालायच्या अशा की वॉकर त्यांच्या आधाराने चाललाय असं वाटावं.

त्यांच्या समोरच्या खाटेवर वालवाल्या आजी. ह्या रोह्याकडच्या आतल्या गावच्या. भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे, ही त्यांची हयातीची शेती. दोघींचं एकमेकींवर इतकं प्रेम की सकाळच्या चहाबरोबर भांडण लागायचं.

"मिठात काय हाय गो? पाणी कोंडायचं नि वाळवायचं. त्याला अक्कल कशाला लागते?"

"वालाला लागते व्हय? टाकायचा नि घरी जाऊन निजायचं. मना नको शिकवू."

असं चाललेलं असताना एके दुपारी नातू पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यातच आला. दारातूनच ओरडला, "आजी, पणजी झालीस! पोरगी झाली!"

आजींनी त्याला जवळ बोलावलं, वाकायला लावलं आणि आनंदाने पाठीत असा धपका घातला की पुरुषांच्या वॉर्डात एकाचा कवळीचा दात हलला. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता माज्यावर सोन्याची फुलं उधळायची."

आपल्याकडे ही रीत आहेच. पणतवंडाचं तोंड पाहिलं की पणजीवर सोन्याची इवलीइवली फुलं उधळतात. आजींनी त्यासाठी कधीपासून कानातली एक सोन्याची कुडी बाजूला काढून ठेवली होती. ती मोडून फुलं करायला नातवाच्या हातात दिलीसुद्धा.

"पन ती पणतू झाला तर उधळतात," वालवाल्या आजी शांतपणे म्हणाल्या. "पोरगीला नाय."

वॉर्डात पंखासुद्धा फिरायचा थांबला.

"सोन्याला कळतं काय गो, पोरगा हाय का पोरगी?" मिठागरवाल्या आजी म्हणाल्या, आणि विषय तिथेच मिटला. बाराव्या दिवशी बारसं, रोह्याला, नातसुनेच्या माहेरी. आजी जाणार, पणतीला मांडीवर घेणार, वर सोनं पडणार. सगळ्या वॉर्डाला ते पाठ झालं.

दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यातल्या खाटेवर एका आजींना जुलाब सुरू झाले. संध्याकाळी शेजारच्या खाटेला. मग त्या ओळीत अशी रांग लागली की बेडपॅनला बसायला सवड मिळेना.

आमचे डॉक्टर पेणहून यायचे. बोलायचे इतकं जपून, की जणू एकेक शब्द उकळून, चिमट्याने उचलून बाहेर ठेवताहेत. वॉर्डाच्या दारात उभे राहून म्हणाले, "वॉर्ड बंद. आतलं कोणी बाहेर नाही, बाहेरचं कोणी आत नाही. शेवटच्या जुलाबानंतर दोन पूर्ण दिवस कोरडे गेले पाहिजेत. मग बघू."

"आनि बारसं?" मिठागरवाल्या आजी.

"तोवर वॉर्ड कोरडा झाला तर जा."

"मना कुठं काय झालंय? माजं पोट दगडासारखं हाय."

"तुम्हाला नसेल झालं, आजी. पण तुमच्या हातावरून ते जाऊ शकतं. मोठ्या माणसाला दोन दिवसांचा त्रास. दहा-बारा दिवसांच्या बाळाला ते झेपत नाही."

आजींनी आपले दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. मग त्यांनी वॉकर ओढला आणि मला म्हणाल्या, "शिस्टर, साबण कुठं ठेवतंस?"

त्या दिवसापासून वॉर्डात माझं काही चालेना. हात कसे धुवायचे ते मी एकदा शिकवलं होतं, म्हणजे तळवे, मग हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. आजींनी ते असं उचललं की मीच चुकायला लागले. संडासातून येणाऱ्या प्रत्येकीला त्या वॉकर आडवा घालून बेसिनपाशी अडवायच्या.

"दाखव. बेचकीत काय हाय?"

"काय नाय गो, जन्मापासून तशीच हाय माजी बेचकी."

"परत धू."

जेवणाआधी धुवा, नंतर धुवा, दुसरीच्या उशाला हात लावला तर धुवा. भिंतीवर हँडरबची बाटली होती. तिचा वास वालवाल्या आजींना आवडायचा म्हणून त्या अत्तरासारखं कानामागे लावायच्या. डॉक्टरांनी सांगितलं की ह्या जुलाबांना बाटलीचा भरवसा नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. झालं, आजींनी बाटलीवर टॉवेल टाकून तिला निवृत्त केलं.

मी माझ्या बाजूने लढत होतेच. बायकांच्या वॉर्डाचा पोछा वेगळा, बादली वेगळी. आजारी खाटेपाशी जाताना अंगावर एप्रन, हातात मोजे, खाट बदलली की मोजे बदल. कपडे गरम पाण्यात. खाटांचे कठडे, नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, वॉकरच्या मुठी, सगळ्यावर ब्लीचिंगचं पाणी. फरशी इतकी पुसली की तिच्यावरची नक्षी उडाली. डास खिडकीतून आत यायचे, वास घ्यायचे आणि नाकावर पाय धरून परत जायचे.

आणि तरी रोज सकाळी एक नवी खाट.

मी टाकीवर शंका घेतली. माणूस आत उतरवून टाकी घासून घेतली, पाणी पेणला तपासायला पाठवलं. पाणी निर्दोष. मग मी स्वयंपाकघराकडे वळले. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी भाताचा डाव माझ्यासमोर असा धरला की तो भातासाठी आहे की माझ्यासाठी, हे कळेना.

"माझ्या हाताला नाव ठेवता? मग ते बाप्ये काय दुसऱ्या हातचं खातात? त्यांना का नाय काय झालं?"

हे मात्र खरं होतं. तोच भात, तीच आमटी, तेच पाणी, आणि पुरुषांचा वॉर्ड ठणठणीत. उलट तिकडचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर खिडकीतून रोज आवाज द्यायचे, "काय गो पोरींनो, इकडं बदली करून घ्या! हवा चांगली हाय!"

"तुजी गाडी घाटात बंद पडो," इकडून वालवाल्या आजी आशीर्वाद द्यायच्या. आणि त्याच दुपारी त्यांनाही जुलाब लागले.

बारसं जवळ आलं. मिठागरवाल्या आजी आता कोणाशी भांडेनात. नवी खाट लागली की वॉकर घेऊन तिथे जायच्या, ओआरएसचं पाणी स्वतः चमच्याने पाजायच्या, आणि हात धुवून खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. नातवाचा फोन आला. फुलं सोनाराकडून आली होती. "येतेस ना?" त्याने विचारलं. आजींनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. "बघू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? डॉक्टर म्हणतात तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी वेळेच्या आधी आली. हे मी कोणालाही सांगितलं तरी गोष्टीतलं हेच एक लोकांना पटत नाही. तर मी लवकर पोचले. चपला बाहेर काढून आत जायचा नियम मीच केलेला, त्यामुळे पावलांचा आवाज नाही. दार ढकललं आणि जागच्या जागी उभी राहिले.

उजाडत होतं. सगळा वॉर्ड खाटांवर उठून बसलेला. एकही बाई बोलत नव्हती. प्रत्येकीचं उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात, डोळे अर्धे मिटलेले, आणि बोट दातांवरून असं फिरत होतं, की समाधी लागलेले ऋषी पाहायचे राहिले असतील तर आमच्याकडे यावं. मधून मिठागरवाल्या आजी वॉकर घेऊन फिरत होत्या. वॉकरच्या पिशवीत टॉवेल, टॉवेलाखाली पत्र्याचा डबा. डबा वालवाल्या आजींपुढे आला. त्यांनी तोंडातलं बोट काढलं, डब्यात बुडवलं, परत तोंडात घातलं. पुढची खाट. तोंडातून डब्यात, डब्यातून तोंडात. मग तिसरी.

मशेरी! तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू. इथे ती बंद असते असं दाखल होतानाच प्रत्येकीला सांगितलेलं आणि प्रत्येकीने मान डोलावलेली. पुरुषांकडे ज्याची त्याची तंबाखूची चंची, ज्याचा त्याचा चुना. बायकांचा मात्र एकच डबा.

"आजी!" मी ओरडले. सगळी बोटं एकदम पदराखाली गेली.

मिठागरवाल्या आजी मात्र डगमगल्या नाहीत. "हात धुतल्याशिवाय कोनाला दिलेली नाय, शिस्टर. इचार. नखं पन बघितली मी."

आणि खरंच, सगळ्यांचे हात ओले, स्वच्छ, साबणाचा वास येणारे.

"हात धुतले," मी म्हटलं, "आणि मग बोट कुठे घातलं?"

"तोंडात."

"आणि मग?"

"डब्यात."

"आणि मग डबा?"

आजींनी डब्याकडे पाहिलं. मग त्या कोपऱ्यातल्या खाटेकडे पाहिलं जिथून सगळं सुरू झालं होतं, मग तिच्या शेजारच्या, मग तिच्याही शेजारच्या. मी आणखी काही सांगायची गरज राहिली नाही. आजी आपल्या खाटेच्या कडेला टेकल्या.

"म्हंजे मीच का गो? मीच फिरवत होते?"

मला वाटलं, आता वालवाल्या आजी तोंड उघडतील आणि आयुष्यभराची उधारी फेडतील. त्यांनी उघडलंही.

"तू एकटी कशी? आम्ही काय डोळे मिटून बोट घालत होतो? मोठी आली सगळं आपल्याच अंगावर घेनारी."

डॉक्टर आले. ऐकलं. म्हणाले, "मशेरी बंद."

आता मात्र वॉर्ड पेटला. ज्यांना उठता येत नव्हतं त्यासुद्धा उठून बसल्या. "मशेरी लावल्याबगार पोट साफ होत नाय, डॉक्टर!" कोपऱ्यातून आवाज आला.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, बेडपॅनांच्या रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खांदे हलायला लागले. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, पण हा माणूस हसतो हे मला त्या दिवशी कळलं. "आजी," ते डोळे पुसत म्हणाले, "याहून साफ करून कुठे न्यायचंय पोट?"

ते गेल्यावर मी हळूच मधला मार्ग सुचवला. प्रत्येकीने आपापली डबी ठेवली तर निदान एकीचं बोट दुसरीच्या तोंडात जाणार नाही. एका क्षणात सगळ्या माझ्यावर उलटल्या.

"आपापली? का? भांडलो काय आम्ही?"

तेव्हा मला उमगलं. खाडीकाठ असो की वालाची शेतं, सकाळी डबा काढला की शेजारणीपुढे धरायचाच. नाही धरला तर वैर, आणि पुढे आलेल्या डब्यात बोट नाही घातलं तर त्याहून मोठं वैर. ह्या बायका घर सोडून आल्या होत्या, अंगण सोडून आल्या होत्या. गावातलं जे काही उरलं होतं ते त्या पत्र्याच्या डब्यात होतं. त्याला मी डबीडबीत वाटून टाकायला निघाले होते.

निकाल मिठागरवाल्या आजींनी दिला. त्यांनी डबा उचलला, वॉकर ओढत दारापाशी गेल्या, आणि घाण लागलेल्या वस्तू टाकायच्या आमच्या पिवळ्या पिशवीत तो स्वतःच्या हाताने सोडला. मागे वॉर्डात असे उसासे पडले की खिडक्यांचे पडदे बाहेरच्या बाजूला फुगले. मग त्या बेसिनपाशी गेल्या आणि हात धुतले. तळवे, पाठ, बेचक्या, अंगठे, नखं.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मशेरी तुटली की डोकं धरतं, जीव चिडतो, कशात लक्ष लागत नाही. उशीवरून भांडणं झाली, पंख्यावरून झाली, एकदा तर देव मोठा की देवी मोठी यावरून झालं. मी साधं दंतमंजन आणलं. आजी रोज पहाटे ते घेऊन निघायच्या, पण आता डब्यात बोट कोणाचंच नाही. कोरडा चमचा, तोही वरूनच ओतायचा, प्रत्येकीच्या धुतलेल्या तळव्यावर.

"चव नाय," वालवाल्या आजी थुंकून म्हणाल्या. "तरतरी नाय. भुसा घासल्यासारखं वाटतं."

"मग परत दे."

"नको, टाक अजून थोडा."

नव्या खाटा लागायच्या थांबल्या. जुन्या उठून बसायला लागल्या. पहिला दिवस कोरडा गेला. दुसरा संपत आला. उद्या बारसं! रुग्णवाहिका सांगून ठेवली, आजींचं नवं लुगडं उशाखाली घडी पडायला ठेवलं. आणि तेवढ्यात वालवाल्या आजींनी पोट धरलं.

"कळ येतेय गो."

सगळा वॉर्ड जागच्या जागी थिजला. मी त्यांना धरून संडासापर्यंत नेलं. दार लागलं. बाहेर मी, मागे वॉकरवर मिठागरवाल्या आजी, खाटांवर बाकीच्या माना उंच करून. पुरुषांच्या वॉर्डातूनही ड्रायव्हरकाका खिडकीशी आले. देशाच्या निवडणुकीचा निकाल कोणी इतक्या काळजीने ऐकला नसेल.

दार उघडलं. वालवाल्या आजी प्रसन्न मुद्रेने बाहेर आल्या.

"काय नाय. वारा होता. दुपारी वालाच्या बिरड्याच्या दोन वाट्या खाल्ल्या ना."

"मेले!" मिठागरवाल्या आजी ओरडल्या. "तुज्या वालाला आग लागो! माजा जीव गेला इथं!" आणि वॉकर सोडून त्यांनी वालवाल्या आजींना मिठीच मारली. मग दोघींना मी बेसिनपाशी पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आजींना तपासलं, अंघोळ झाली का, कपडे नवे का, पोट ठीक का, सगळं विचारलं. "जा," म्हणाले. त्यांच्या हिशेबाने ते भाषणच झालं.

मी आजींबरोबर रुग्णवाहिकेत बसले. नागोठणं गेलं, निडी मागे पडलं, आणि आजींनी ड्रायव्हरला सांगितलं, भोंगा वाजव. "पणजी येतेय हे कळाया नको लोकांना?" त्याने वाजवला. परिणाम असा, की रोह्याला पोचलो तेव्हा आळीतली माणसं दारादारांत उभी, आणि कोण गेलं, कोण गेलं म्हणत चार जणी पदर डोळ्यांना लावून तयार. आजी उतरल्या आणि सगळ्यांना हात हलवला.

पण उंबऱ्यावर नातसुनेच्या आई उभ्या होत्या. हात जोडलेले, पण दार अडवून.

"आजी, राग मानू नका. तिकडं साथ होती असं ऐकलं. बाळ लहान आहे. तुम्ही इथं खुर्चीवर बसा, आम्ही बाळ लांबून दाखवतो. फुलं इथंच उधळू."

नातू आपल्या पायाच्या अंगठ्यांकडे बघायला लागला. मी डॉक्टरांचं सगळं ज्ञान त्या बाईंना ऐकवायला तोंड उघडलं, तर आजींनी माझा दंड दाबला.

"बराबर बोललात, विहीनबाय. मी असते तर मी पन अडवली असती." मग त्या अंगणातल्या नळापाशी गेल्या. "साबण आना."

साबण आला. आजींनी बांगड्या वर सारल्या. आणि त्या बाईने हात धुतले! मी इतकी वर्षं नर्सिंग केलं, ऑपरेशन थिएटरं पाहिली, पण असे धुतलेले हात पाहिले नाहीत. बेचक्या धुतल्या, अंगठे फिरवून धुतले, नखांखाली नखाने काढलं, कोपरापर्यंत गेल्या, परत आल्या. गप्पा थांबल्या. पाळण्याभोवतीच्या बायका दाराशी येऊन बघायला लागल्या. आजींनी हात वर धरून वाळवले आणि विहीणबाईंकडे वळल्या.

"आता तुमी."

"मी? मी तर घरचीच आहे."

"आमच्याकडं बाहेरचं कोनी आलं नव्हतं, विहीनबाय," आजी म्हणाल्या. "सगळं घरच्यांच्याच बोटावरनं गेलं. मी फिरवलं, मना म्हाईत हाय."

विहीणबाईंनी पदर खोचला. मग पुढे आल्या आणि नळाखाली हात धरले. "नखं राहिली," आजी म्हणाल्या. मग बाळाची आत्या आली, मावश्या आल्या, गल्लीतल्या रडायला तयार असलेल्या त्या चौघी आल्या, फोटोवाला कॅमेरा गळ्यात अडकवून रांगेत उभा राहिला. रांग रस्त्यापर्यंत गेली. कुंडलिका नदीच्या पुलावरून जाणारी एक बस, इथे काय मिळतंय म्हणून थांबली, असं मला अजून वाटतं.

शेवटी विहीणबाईंनी स्वतः बाळ आणलं आणि आजींच्या मांडीवर ठेवलं. नातवाने ओंजळ उघडली. तांदळाच्या कणीएवढी सोन्याची फुलं आजींच्या पांढऱ्या केसांवर, खांद्यावर, नव्या लुगड्यावर पडली. आजींनी वर पाहिलंच नाही. त्या खाली बघत होत्या.

"आता बाळ पाळण्यात घालायचं हां, आजी," आत्या म्हणाली.

"घालू."

बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. एक झाला, दुसरा झाला. आत्याने दोनदा हात पुढे केला, आजींनी दोनदा नाही म्हणून मान हलवली. आत्या गुडघ्यांवर बसली, वाकली, आणि आजींच्या मांडीवरच बाळाच्या कानात नाव सांगितलं. मागे बायका गात राहिल्या आणि फुलांनी सजवलेला पाळणा विहीणबाई रिकामाच हलवत राहिल्या.